मोकळ्या वेळात तुम्ही काय करता?

पहिल्या परीक्षेत मी बागकामावर बोलले आणि नापास झाले.

बोलले मात्र झकास. "आय ॲम व्हेरी फाँड ऑफ गार्डनिंग," अशी सुरुवात करून गुलाबाची छाटणी, घरचं खत, कोवळ्या उन्हात पानांवर चमकणारं दव, सगळं दोन मिनिटांत बसवलं. एक क्रियापद चुकलं नाही. समोरच्या पडद्यावरची बाई कौतुकानं मान डोलवत होती. बाई कसली, यंत्रच ते. पण चेहरा एखाद्या मायाळू मावशीचा दिला होता. निकाल आला: भाषा ब्याण्णव, उच्चार अठ्ठ्याऐंशी, स्वानुभव सात.

निकालाची प्रत प्रायोजकालाही जाते. माझा प्रायोजक म्हणजे माझा नवरा, धैर्यशील. त्याचा परदेशातून लगेच फोन आला.

"तेजू, अगं आपल्या घरात एक कुंडी तरी हाय का? होती ती तुळस पण वाळवलीस तू."

आणि तो इतका हसला की मलाही हसू आवरेना. तेव्हा आम्ही हसत होतो, हे इथे मुद्दाम सांगून ठेवते.

ही सगळी भानगड सुरू झाली ती इंग्रजी फार सोपं झाल्यामुळे. कानात डाळीच्या दाण्याएवढं यंत्र घातलं की कोणालाही कुठलीही भाषा समजू लागली, आणि फोनमधले शिक्षक दोन महिन्यांत कुणाकडूनही घोटीव उत्तरं पाठ करून घेऊ लागले. मग परीक्षेत तपासायचं काय? धैर्यशील गेलाय त्या देशाला हवी होती दवाखान्यांत काम करणारी माणसं. तिथे म्हातारे फार आणि हात थोडे. पण त्या म्हाताऱ्यांची तक्रार अशी की ही बाहेरून आलेली माणसं बोलतात छान, पण आतून कुणी बोलतच नाही. तेव्हा त्यांच्या शास्त्रज्ञांनी भाषा सोडून बोलणारा तपासायचा ठरवला.

त्यामागचं शास्त्र तसं सरळ आहे. माणूस आपल्या आवडीची, खरोखर जगलेली गोष्ट सांगतो तेव्हा ती त्याच्या आत पुन्हा थोडी घडते. डोळ्याची बाहुली जराशी मोठी होते. श्वास वाक्याच्या मधेच तुटतो. ओठांचे कोपरे स्वतःच्या नकळत ताणले जातात आणि त्यानं आवाजाचा पोत बदलतो. म्हणून तर फोनवरही समोरचा हसतोय हे आपल्याला ऐकू येतं. पाठ केलेलं बोलणारा मात्र बरोबर पूर्णविरामाला श्वास घेतो. यातली एखादी खूण नटाला जमेल, सगळ्या एकाच वेळी कुणालाच जमत नाहीत. यंत्र या खुणा सेकंदाला शेकडो वेळा मोजतं आणि शंभरपैकी एक आकडा काढतं. साठच्या वर पास. त्याचं नाव लांबलचक आहे. आम्ही मिरजेत त्याला काटा म्हणतो.

आणि प्रश्न छंदाचा, कारण छंद तेवढा माणूस कुणी सांगितलं म्हणून करत नाही, असा तिकडच्या लोकांचा समज. आपल्याकडे छंद ही लग्नाच्या बायोडाटात लिहायची गोष्ट. वाचन, संगीत, प्रवास. माझ्या बायोडाटात तेच होतं, धैर्यशीलच्याही. लग्नानंतर कळलं की दोघांनीही शेवटचं पुस्तक बारावीचं वाचलं होतं.

धैर्यशील फिजिओथेरपिस्ट, मी एक्स-रे काढते. तो पहिल्याच फेरीत पास झाला. गावोगावच्या जत्रेतल्या कुस्त्यांवर बोलला, तोडक्यामोडक्या इंग्रजीत, खुर्चीतून निम्मा उठून. काटा नव्वदला गेला. सहा वर्षांखालचं मूल पहिल्या पालकाबरोबर जाऊ शकतं आणि तिथल्या शाळेत त्याला जागा मिळते. नंतर नेलं तर मिळत नाही. म्हणून आमचा राजवीरही गेला. मी काय, दोन महिन्यांत पाठोपाठ जाणार होते. जोडीदाराला परीक्षेच्या तीन संधी. तिसरीही हुकली की त्या कुटुंबाची फाइल कायमची बंद.

त्यातली एक मी बागकामात घालवली होती.

बागवान सरांचा क्लास सतारमेकर गल्लीत, खाली सतारींचं दुकान आणि वर आम्ही. सरांनी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. काटा आल्यावर त्यांनी क्लासात छंदाचा तास सुरू केला. ज्याला छंद नाही त्यानं तो लावून घ्यायचा. एकाला त्यांनी कबुतरं पाळायला लावली, दोघांना कृष्णेच्या घाटावर गळ देऊन बसवलं. मासा लागला नाही, एकाला ऊन लागलं. मला त्यांनी क्रोशाची सुई दिली. पंधरवड्यात माझा एक रुमाल झाला, तोही तिरका, आणि क्लासातल्या सरावाच्या काट्यानं मला अकरा दिले.

"मॅडम, काहीतरी असणारच की ओ," सर वैतागून म्हणाले. "माणसाला काहीच आवडत न्हाई असं नसतंय."

"झोप आवडते, सर."

"त्यावर बोलून बघा."

बोलले. चोवीस आले. तेवढ्यात सुद्धा मला आशा वाटली, म्हणजे माझी पायरी कुठे होती बघा.

मग एका शनिवारी आमच्यातल्या स्नेहलता मगदूमनं लग्न ठरल्याचे पेढे आणले. नवऱ्या मुलाचं नाव प्रज्योत. उखाणा काही केल्या जुळेना म्हणून बिचारी रडकुंडीला आली होती. मी पेढा तोंडात धरूनच म्हटलं,

"परीक्षेच्या काट्यापुढे विझते भल्याभल्यांची ज्योत,
मला मात्र बोलायला शिकवतात प्रज्योत."

क्लास नुसता उसळला. "आता तुमचा, आता तुमचा!" मग माझाही झाला.

"एक्स-रेत दिसतात बरगड्या, दिसत नाही दिल,
फिल्म न काढता सारं ओळखतात धैर्यशील."

टाळ्या वाजल्या. सर मात्र टेबलाकडे बघत होते. सरावाचा काटा चुकून चालूच राहिला होता.

"चौऱ्याऐंशी," ते हळूच म्हणाले. "मॅडम, चौऱ्याऐंशी!"

मला खरंच कधी सुचलं नव्हतं की हा छंद असतो. हळदीकुंकू असो, बारसं असो, बायका मला दारात अडवायच्या. कुणाच्याही नवऱ्याचं नाव द्या. गंमत कशात आहे सांगू? पहिली ओळ मी म्हणून मोकळी होते आणि दुसरी अजून माझ्याकडे नसते. सगळ्या तोंडाकडे बघत असतात, आणि त्या एवढ्याशा फटीत काहीतरी येतं. कुठून येतं माहीत नाही. पण येतं. धैर्यशीलसारखं आडमुठं नाव घेऊन मी सात वर्षांत शंभरेक उखाणे केले असतील, आणि प्रत्येक वेळी नाव उच्चारताना आपला हा माणूस पोटात थोडा गरम लागायचा. मला माझा नवरा आवडतो, हे मला लोकांसमोर त्याचं नाव घेतानाच नीट कळायचं.

सर खूश झाले. त्यांनी रविवारभर बसून त्यावर छान इंग्रजी उतारा तयार केला. आपली प्रथा काय, यमक म्हणजे काय, माझा पहिला उखाणा, एक विनोद, शेवट. आणि सरांनी तेच केलं जे आपल्याकडे दोन अडीच पिढ्या सगळ्यांनी केलंय. मला तो पाठ करायला लावला.

सकाळी ड्युटीआधी दोनदा, संध्याकाळी क्लासात तीनदा. घरी आल्यावर धैर्यशीलचा फोन. तो परीक्षक व्हायचा.

"सो, मिसेस चौगुले, व्हॉट डू यू लाइक टु डू इन युवर फ्री टाइम?"

पहिले काही दिवस आम्ही मधेच फुटायचो. त्याच्या तोंडी "मिसेस चौगुले" ऐकून मला हसू यायचं. मग त्याच्याही कामाच्या पाळ्या वाढल्या, वेळ कमी पडू लागला, आणि फोन म्हणजे नुसता सराव झाला. राजवीर मागून विचारायचा, "बाबा, आईची टेस्ट संपली?" संपली नसली की शहाण्यासारखा निघून जायचा. त्याचा पुढचा दात पडला हे मला आठवड्यानं कळलं. रोज फोन होत होता, पण फोनवर आम्ही छंदावर बोलत होतो.

काटा चौऱ्याऐंशीवरून सत्तरला आला. मग एकसष्ट. मग छप्पन्न.

"सराव कमी पडतोय," सर म्हणाले. सराव वाढवला.

दुसऱ्या परीक्षेत मावशीनं मान डोलवली. मी पूर्णविरामाला श्वास घेतेय हे मला स्वतःलाच ऐकू येत होतं. स्वानुभव एकोणतीस.

या वेळी धैर्यशील हसला नाही. "असू दे. एक चान्स हाय अजून," एवढंच म्हणाला. आणि मग, "तेजू, माझ्या नावाचा उखाणा घेताना पण एकोणतीस?"

"अरे, तो उतारा आहे," मी म्हटलं.

"हां. खरंय."

 आठवड्यानं बागवान सरांनी मला वर्गाबाहेर बोलावलं. कुठून कुठून वाचून आले होते. त्यांचं म्हणणं असं, की आठवण ही कपाटात ठेवलेली वस्तू नसते. आपण ती काढतो तेव्हा ती मऊ होते, आणि पुन्हा ठेवताना आत्ता जशी सांगितली तशी घट्ट होते. मेंदूचे शास्त्रज्ञ हे फार पूर्वीपासून सांगत आलेत. एकदोनदा सांगितलं तर बिघडत नाही. पण तीच गोष्ट त्याच शब्दांत शंभरदा सांगितली, की मूळ प्रसंग निघून जातो आणि शिल्लक राहतं ते आपलं सांगणं.

"मशीन चुकत नसतंय, मॅडम," सर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "ते तुमच्यात होतं. मीच घोकून घेऊन घालवलं."

मी त्यांच्यावर चिडले नाही. चिडण्याएवढा वेळ नव्हता. त्या संध्याकाळी घरमालकीणबाईंनी सुनेच्या डोहाळजेवणाला उखाणा मागितला. मी पहिली ओळ म्हटली आणि दुसरी आधीच तयार होती. बायका हसल्या. त्यांना काही फरक कळला नाही.

आता तिसरी परीक्षा. नवा छंद कुठून आणणार? सर म्हणाले, छंद नसू दे, आवडती माणसं चालतात. परीक्षेत तोही भाग असतो. तेव्हा मी राखून ठेवलेलं काढायला घेतलं. धैर्यशील मला बघायला आला तेव्हा त्यानं पोह्यांतल्या मिरच्या एकेक वेचून, दिसू नयेत म्हणून, बशीखाली लपवल्या होत्या. राजवीर झोपताना माझ्या कानाची पाळी धरायचा. ती सोडवून घेतली की जागा व्हायचा. सरांनी ताकीद दिली, फक्त तीनदा म्हणायचं, उतारा करायचा नाही. मी ऐकलं. पण घरी फोनमध्ये सरावाचा काटा होता ना. आठवण जिवंत आहे का, हे बघायला ती सांगावी लागे, आणि सांगितली की थोडी मरायची. पुन्हा बघायचं किती उरलीय. अडचणीत सापडलेलं घर एकेक भांडं मोडीत घालतं, तसं मी करत होते. मिरच्या बासष्टवरून बेचाळीसला आल्या. कानाची पाळी जास्त टिकली. मग तीही गेली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी धैर्यशीलचा फोन आला. मी म्हटलं, आज सराव नको, असंच बोलू. तो बरं म्हणाला.  त्यानं तिथल्या थंडीचं सांगितलं. मी इथल्या पाण्याचं सांगितलं. राजवीर आला आणि इंग्रजीत म्हणाला की तो माझ्यासाठी गुड लक म्हणतोय. उच्चार फार सुरेख होता.

कोल्हापूरच्या केंद्रात तीच मावशी. छंद विचारला. उखाण्यांवर बोलले. बोलताना मला कळत होतं की मेलेलं आहे. मग तिनं नवऱ्याबद्दल, मुलाबद्दल विचारलं. मी मिरच्या सांगितल्या, कानाची पाळी सांगितली, आणि मधेच मला रडू कोसळलं. रडू खरं होतं, अगदी पोटातून आलेलं. पण काटा आनंद मोजतो, रडणं नाही.

 मग मावशी म्हणाली, "वेळ शिल्लक आहे. तुमची एक साधी संध्याकाळ सांगा."

हा प्रश्न कुठल्याच संचात नव्हता. कुणी त्याची तयारी करून घेतली नव्हती. आणि मला वाटलं, संपलंच आहे, आता काय राहिलंय.

मी बोलू लागले. इंग्रजी पार कोलमडलं. सांगितलं की ड्युटीवरून येते, दिवा लावत नाही. चप्पल कुठेही टाकते. गार फरशीवर पाय पसरून बसते, भिंतीला टेकून. शेजारचा कुकर वाजत असतो. तो माझा नसतो, मला उठायचं नसतं. मग सकाळचा भात पातेल्यातच दह्यात कालवते आणि पातेल्यातूनच खाते, वर ठेचा, हातानं, बोटं चाटत. फोन पिशवीत असतो. तो वाजेपर्यंत अर्धा तास असतो. त्या अर्ध्या तासात मला कुणी काही विचारत नाही. माझं इंग्रजी कुणाला नको असतं, मराठीही नको असतं. मी कुणाची बायको नसते, आई नसते, परीक्षेला बसलेली नसते. बोलता बोलता मला दह्याची चव आली. मी हसले बहुतेक. हो, हसलेच.

भाषा साठच्या आसपास. स्वानुभव त्र्याण्णव, त्यात सगळ्यांत वरचा विषय धरतात. पास.

बागवान सरांनी गल्लीभर पेढे वाटले, खालच्या सतारवाल्यांनाही. मला त्यांनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. मी त्यांना वाकून नमस्कार केला आणि हसले, कारण तिथे हसायचं असतं. घरी येऊन निकाल पुन्हा उघडला. या वेळी विषयवार तक्ता होता. बोलण्यातल्या सगळ्या विषयांपुढे आकडे. पती आणि मुलगा: बारा. एकटीची संध्याकाळ: त्र्याण्णव.

प्रत प्रायोजकाला गेलेली होती.

मी त्या दोघांना काय समजावणार होते? की मला तुमच्यापेक्षा ती फरशी आवडत नाही. की त्या अर्ध्या तासाला कुणाचा हात लागला नव्हता, म्हणून तेवढा उरला होता. बाकीचं सगळं मी तुमच्याकडे येण्यासाठीच खर्च केलं, आणि आता येताना माझ्याकडे ते नाही. हे तक्त्यात कुठे येणार? त्यात दोनच रकाने होते, विषय आणि आकडा.

धैर्यशीलचा फोन दोन दिवस आला नाही. मी केला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आला. आता सराव उरला नव्हता, तो सरळ मराठीत बोलला. 

"अभिनंदन," म्हणाला.

"धैर्यशील, तो तक्ता..."

"बघितला. मी त्यावर काय बोलत न्हाई, तेजू. खरं ते खरं. त्यात चूक कुणाची नसती." त्याचा आवाज शांत होता. "प्रायोजक म्हणून सही केलीय मी. तिकीट काढूया पुढच्या महिन्याचं."

मला हायसं वाटलं. तेवढा एक क्षण फार बरं वाटलं.

"आणि हे बघ," तो म्हणाला, "इथल्या घरात मागं सामानाची एक छोटी खोली होती. ती रिकामी केली मी. रंग पण दिला. दार लागतंय तिला आतून. तू कामावरनं आलीस की तिथं बसत जा. आम्ही कोण येणार न्हाई. राजवीरला समजावून सांगितलंय."

हा प्रेमानं बोलतोय की मनात काही धरून, मला कळेना. पूर्वी मला त्याचा आवाज कळायचा.

मला म्हणायचं होतं की नको ती खोली, मला तुमच्यातच येऊन बसायचंय. वाक्य ओठावर आलं आणि मी थांबले. हेच वाक्य आमच्या सरावात होतं, इंग्रजीत, उत्तराच्या शेवटी. रोज संध्याकाळी मी ते त्यालाच म्हणून दाखवायचे आणि तो म्हणायचा, शेवट जरा मनापासून घे. मी आता ते मराठीत म्हटलं असतं तर त्यानं काय ऐकलं असतं?

"तेजू? हाइस का?"

"आहे," मी म्हटलं. "चालेल. खोली चालेल."

तिकडे राजवीर हळू आवाजात विचारत होता, आईला खोली आवडली का.

"आवडली," धैर्यशीलनं त्याला सांगितलं.